आखाजीचं आइस्क्रीम

अक्का,

आज आखाजी. तुम्हाला जाऊन एकोणतीस दिवस झाले. तुमच्या लताच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं फाडून मी हे लिहितेय, स्वयंपाकघरात, पाटावर बसून. पुढच्या खोलीत दोन्ही नणंदा पोराबाळांसकट कूलरपुढे आडव्या झाल्यात. सासूबाईंचा, जिजींचाही डोळा लागलाय. ऊन म्हणजे काय ऊन आहे! पत्रा तापून कडकड वाजतोय आणि मला घामानं पेन धरवत नाही.

तुमच्या दहाव्याला जो तो एकच बोलत होता. अन्नपूर्णा गेली, अन्नपूर्णा गेली. मोठ्या नणंदबाई तर पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "वहिनीच्या हातचं आइस्क्रीम आता कुठलं नशिबात!" खोटं कशाला बोलू, माझं डोकंच फिरलं. माणूस गेलं त्याचं रडू नाही, आइस्क्रीम गेलं त्याचं रडू. अठरा-एकोणीस आखाज्या त्या माउलीनं हँडल फिरवलं, तिला कधी एकीनं तरी विचारलं का, बाई गं, तुला कुठं जायचंय का? पण मी तोंड उघडलं नाही. मला बोलायचा हक्कच नव्हता, आणि का नव्हता तेच आज सांगायचं आहे. तुमच्या जिवंतपणी सांगायला हवं होतं. रोज एकाच चुलीपुढे बसत होतो आपण दोघी जावा, आणि आठ वर्षं ते सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्या खानदेशात लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, मुराळी म्हणून, आणि ती आठ दिवस माहेरी जाऊन झोक्यावर बसते. पण त्याच दिवसांत घरच्या लेकीही माहेरी येतात, मग त्यांना करून घालायला सून लागतेच की. बाकीच्या घरात जावा पाळी लावतात. यंदा मोठी जाते, पुढच्या वर्षी धाकटी. आपल्या घरात पाळी नव्हती, कारण आपल्या घरात पॉट होता.

तो पॉट सासऱ्यांनी लेकींच्या हौसेसाठी आणला होता. लाकडी बादली, आत डबा, डब्यात पंखा, वर दात्यांचं चाक आणि हँडल. आणला खरा, पण फिरवायचा कसा ते कुणालाच माहीत नव्हतं. तुमची लग्नानंतरची दुसरी आखाजी. तुमचं माहेर नरडाण्याजवळ, तुमच्या घरचं दूध स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये जायचं, आणि तिथल्या मास्तरांच्या बायकोनं लहानपणी तुम्हाला हे सगळं शिकवलं होतं. तुम्ही हौसेनं म्हणालात, "मी करते." नव्या नवरीला वाटलंच असेल हो, काहीतरी करून दाखवावं. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी, "अवं शोभा, मनाच हातनं मना पायवर धोंडा पाडी लिधा."

कारण ते आइस्क्रीम तसंच होतं. म्हशीचं दूध आटवून निम्मं केलेलं, त्यात खवा, वेलची. आणि शेवटी ती कुरकुर! ती आधी कुणी पाहिली नव्हती. जत्रेतली गोडीशेव, गुळाचा पाक चढवलेली, ती तुम्ही बोटाएवढी मोडायच्या. लोखंडी कढईत साखर लालसर होईपर्यंत वितळवायच्या, त्यात भाजलेले शेंगदाणे आणि चमचाभर तूप, आणि तूप लावलेल्या ताटात ओतून, गार झालं की लाटण्यानं ठेचायच्या. दोन्ही तुपाच्या हातानं चोळून मगच आइस्क्रीममध्ये. तुपानं पाणी आत शिरत नाही, म्हणून दाताखाली कडकन वाजायचं. त्या पहिल्या दिवशी सासरे म्हणाले म्हणे, "आता दर आखाजीला सूनबाईच्या हातचं." झालं! त्या दिवसापासून तुमचा भाऊ दर वर्षी मुराळी म्हणून यायचा, दोन वाट्या आइस्क्रीम खायचा, "ताई, झकास झालंय" म्हणायचा आणि एकटाच परत जायचा.

मी या घरात आले तेव्हा हे सगळं मुरलेलं होतं. पहिल्या आखाजीला माझा भाऊ सुधाकर न्यायला आला आणि मी टुणकन उडी मारून एस. टी.त बसले. तुम्ही दारात उभ्या होत्या, हाताला मीठ लागलेलं. मला काही वाटलं नाही. वाटायचं वय नव्हतं असं म्हणणार होते, पण बावीस वर्षांची घोडी होते मी. माझं माहेर एदलाबादकडचं, आता मुक्ताईनगर म्हणतात. तिथं केळीच्या बागेत, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलं की वर्षभराचं सगळं धुऊन जायचं. त्यात लग्नाला तीन वर्षं झाली, चार झाली, तरी माझा पाळणा हलेना. उठता-बसता जिजींचे शब्द. शेजारणी हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि मान वळवून कुजबुजायच्या. वर्षाचे तीनशे सत्तावन दिवस मी या घरात श्वास रोखून असायची आणि आठ दिवस माहेरी सोडायची, असं होतं बघा.

तुम्ही मात्र माझी बाजू घ्यायच्या. जिजी एकदा सगळ्यांपुढे बोलल्या, तेव्हा तुम्ही भांडं घासता घासता म्हणालात, "जिजी, पाळणा हालाले टाइम लागस. तो काय पॉटना दांडा शे का, फिरावा का व्हयना!" बाप्यामाणसांपुढे असं बोलल्या तुम्ही! मी पदरात तोंड खुपसून हसले. जिजींनी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला.

आणि ते दुपारचं फिरवणं आठवतं का? पॉट हलू नये म्हणून वर कुणीतरी बसावं लागतं. मी माहेरी निघेपर्यंत ते काम माझं. बारदान चौपट घडी करून झाकणावर टाकायचं आणि मी वर चढून बसायची. तुम्ही खाली मांडी घालून हँडल मारायच्या. "बस बस, राणी बसी तशी बस," म्हणायच्या. बुडाला गारठा, डोक्याला पत्र्याची आग! पंखा बाहेर काढला की जिजींची नजर चुकवून तो तुम्ही दाराआड माझ्या हातात द्यायच्या आणि आपण दोघी दोन बाजूंनी चाटायचो. पुढं वाटीत मिळायचं ते तळाशी उरलेलं. पंख्याला चिकटलेलं तेवढं आपलं होतं.

त्यातही आपलं भांडण. मी म्हणायची, अक्का, आमच्याकडचे केळीचे चिप्स पाकात घोळवून घाला, गोडीशेव काय, जत्रेतल्या धुळीची. तुम्ही म्हणायच्या, केळीचं केळंच खावं, त्याचं लाकूड कशाला करायचं. मी म्हणायची, कुरकुरीत जे असेल ते वाटीत वरून टाका, म्हणजे मऊ पडणार नाही. तुम्ही मान हलवायच्या. "वरतून टाकेल वरच ऱ्हास. आतून वाजाले पाहिजे." मला ते अजूनही पटलेलं नाही. तुम्ही असत्या तर आत्ता उठून दोन वाट्या भरून दाखवल्या असत्या मी.

आता मुद्द्यावर येते. येतच नाहीये, बघा ना, कशी फिरतेय इकडं तिकडं.

आठ वर्षांपूर्वी, होळी झाली आणि तुमच्या आईचा निरोप आला. दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता. तुमचे भाऊ, निंबाभाऊ, सांगत होते, म्हातारी रोज विचारते, यंदा तरी ताई येईल का, पुढच्या आखाजीला मी असेन की नसेन. तुम्ही अकरा आखाज्या गेला नव्हता. दिवाळीला जायच्या दोन दिवस, ते वेगळं. आखाजीला लेक दारात दिसणं वेगळं. तुम्ही रात्रंदिवस एकच बोलायच्या, "मनी माय मनी वाट दखी ऱ्हायनी." मग एक दिवस तुम्ही माझा हात धरला आणि म्हणालात, "शोभा, तू शिकी ले. एक वरीस फक्त."

मी शिकले. चैत्रात चार दुपारी आपण करून पाहिलं. बर्फ बारदानात घालून मोगरीनं किती बारीक फोडायचा, बर्फाचा एक थर आणि खड्या मिठाचा एक थर कसा द्यायचा, हँडल जड लागलं की ते किती जड लागलं म्हणजे थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते भोक. बादलीच्या अंगाला, झाकणाच्या खाली चार बोटं, एक भोक असतं. बर्फ वितळून झालेलं खारं पाणी तिथून बाहेर पडलं पाहिजे. ते भोक तुंबलं तर पाणी वर चढतं, झाकणाखालून डब्यात शिरतं आणि सगळं खारट होतं. तुम्ही मला दहादा बजावलं. चौथ्या दुपारी माझं आइस्क्रीम तुम्ही चाखलं, डोळे मिटले आणि म्हणालात, "मनापेक्षा चांगलं व्हयनं वो." तुम्ही त्या दिवशी नाचायच्याच बाकी होत्या.

लताला नवा फ्रॉक शिवला, जांभळा. तुमच्या आईसाठी लुगडं घेतलं. पिशवी भरून कोनाड्यात ठेवली. फक्त जिजींची परवानगी राहिली. जिजी म्हणाल्या, आधी धाकलीनं आमच्यापुढे करून दाखवावं. पोरींना खारट-आंबट खायला घालायचं नाही मला. हनुमान जयंतीला करायचं ठरलं.

अक्का, मी आदल्या दिवशी खूप विचार केला. तुम्ही म्हणालात एक वर्ष. पण मला डोळ्यांपुढे तुमचीच अकरा वर्षं दिसत होती. तुम्हीसुद्धा एकदाच केलं होतं ना पहिल्यांदा? माझं चांगलं झालं असतं, नणंदांनी बोटं चाटली असती, आणि कुणीतरी म्हणालं असतं, आता धाकटीच्याच हातचं. तुम्ही सुटला असता आणि मी अडकले असते. मूल नाही, बाळ नाही, आणि आता माहेरही नाही.  मला त्या हँडलची भीती वाटली, तुम्हाला खरं सांगते, विहिरीत वाकून बघताना वाटते तशी.

हनुमान जयंतीला मी सगळं नीट केलं. दूध नीट, बर्फ नीट, मीठ नीट. तुम्ही वर बसल्या होत्या, लता शेजारी उभी होती. मधेच जिजींनी हाक मारली म्हणून तुम्ही दोन मिनिटं आत गेल्या, लता तुमच्यामागे पळाली. मी माझ्या निळ्या साडीच्या फॉलची चिंधी कमरेला खोचून आणली होती. ती मी त्या भोकात कोंबली. करंगळीनं आत ढकलली. तुम्ही परत येऊन वर बसलात आणि मी हँडल फिरवायला लागले.

झालं. तुमच्या मालकांनी, मोठ्या भाऊजींनी पहिला घास घेतला आणि अंगणात जाऊन थुंकले. जिजी म्हणाल्या, "ये धाकलीले नही जमत. मोठीनाच हात पाहिजे." मी खाली मान घालून रडले. ते रडणं खोटं नव्हतं, पण कशाचं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही पॉट उचलून मोरीवर नेला. मला आठवलं चिंधी आतच आहे. मी धावत मागे आले, "अक्का, मी घासते, द्या," म्हटलं. तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे." मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पॉट अंगणात पालथा घातलेला होता आणि भोक स्वच्छ. आठेक दिवसांनी दोरीवर मसोती वाळत होती, त्यात माझी निळी चिंधी. धुतलेली, पिळलेली, चिमट्यात अडकवलेली. भाकरीचा तवा उतरवायला तुम्ही तीच वापरायच्या, ती झिजून संपेपर्यंत. माझ्यादेखत. एक शब्द नाही. तुम्ही एकदा माझ्या कानाखाली दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही भोळ्या नव्हता, अक्का. लोक म्हणतात भोळी होती, त्यांना काय माहीत!

लतानं फ्रॉकसाठी फार रडारड केली. तुम्ही तिला जवळ घेऊन म्हणालात, पुढच्या वर्षी जाऊ. पिशवीतलं लुगडं निंबाभाऊंच्या हाती पाठवलं. आणि मी एदलाबादला गेले. आता सगळ्यात लाजेची गोष्ट सांगते. मला मजा आली. मी झोक्यावर बसले, केळीच्या बागेत पाय सोडले, पोटभर आमरस खाल्ला, आणि आठ दिवसांत तुमची आठवण मला एकदा-दोनदाच आली. मन खाल्लं वगैरे म्हणतात ना, तसं काही झालं नाही. ते नंतर झालं. आषाढात नरडाण्याहून माणूस आला आणि तुम्ही भाकरीचं पीठ तसंच परातीत ठेवून उठल्या. तेरा दिवस राहिल्या तुम्ही माहेरी. इतकी वर्षं मागितलेले आठ दिवस मिळाले नाहीत, न मागितलेले तेरा मिळाले.

परत आल्यावर तुम्ही माझ्याशी नीट बोलायच्या, नीट वागायच्या, माझ्या बाळंतपणात सव्वा महिना तुम्हीच माझं न्हाणंधुणं केलं. डिंकाचे लाडू तुम्हीच वळले. बाळाला मांडीवर घेऊन "हालना का नही पाळणा?" म्हणून जिजींकडे बघून हसल्या. असं वागलात की मला वाटायचं, विसरल्या. आणि मग आखाजी यायची. पॉट माळ्यावरून खाली यायचा. हँडल मारताना दर पाच मिनिटांनी तुम्ही थांबायच्या, छत्रीची एक जुनी तार घ्यायच्या आणि ते भोक साफ करायच्या. आधी असं कधी करत नव्हता. मी वर बसलेली असायची. तुम्ही तार आत घालायच्या, फिरवायच्या, बाहेर काढायच्या, पुन्हा हँडल. मी आठ वर्षं दर आखाजीला त्या तारेकडे बघत बसले आणि दर आखाजीला दुपारच्या गाडीनं माहेरी गेले. एकदाही म्हणाले नाही की अक्का, यंदा तुम्ही जा. म्हणणार कशी? मला तर येत नव्हतं ना! स्वतःच्या हातानं बांधलेलं दावं सोडायला गेलं की गाठ घट्टच होते बघा.

तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात मी दोनदा तुमच्या उशाशी बसले होते सांगायला. पहिल्यांदा जिजी आल्या. दुसऱ्यांदा कुणीही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "अक्का, चहा देऊ का थोडा?" तुम्ही मान हलवली. मी चहा करायला उठले. बस्स, एवढंच.

परवा लता आली. लग्नानंतरची पहिली आखाजी पोरीची, आणि माहेरात आई नाही. तुमच्या नावाची घागर भरायची होती, या वर्षी गेलेल्या माणसाची भरतात तशी. काल संध्याकाळी सगळ्या बसल्या होत्या, घागरीपुढे काय काय ठेवायचं ते बोलत होत्या. पुरणपोळी, आमरस, कुरडई. लता म्हणाली, "आईच्या घागरीपुढे आईचं आइस्क्रीम ठेवायचं."  जिजी म्हणाल्या, "कोण करी ते? ते तिनासंगे गयं, पोरी." मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, बाजारातून आइस्क्रीमची वीट आणू, काय फरक पडतो. लताचा चेहरा असा झाला की माझ्यानं बघवेना.

आज दुपारी सुधाकर मला न्यायला येणार होता. पिशवी भरून तयार होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कधीच कळलं नसतं. पॉट माळ्यावर कुजला असता आणि मी मरेपर्यंत दर आखाजीला एदलाबादला गेले असते. अक्का, मी तोंड उघडलं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. "मी करते. मला अक्कांनी शिकवलंय."

जिजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील.  "मंग कर," म्हणाल्या. "पोरी आठ दिन शेत. दोनदा व्हई जाईल." लेकी आहेत तोवर दोनदा करायचं, इतकं सोपं होतं ते. एका वाक्यात तुमची जागा मला मिळाली.

आज सकाळी मी बसले. गोडीशेव लतानंच मोडली. चिप्स मी घातले नाहीत, तुमच्या घागरीपुढे भांडण नको. बारदान टाकून लता वर बसली, मी खाली. हँडल फिरायला लागलं. पाच मिनिटांनी माझा हात आपोआप तारेकडे गेला. मी भोक साफ केलं, पुन्हा फिरवलं, कान देऊन ऐकलं, मुठीनं बर्फ दाबला, वर मिठाची ओंजळ सोडली. पोरगी वरून सगळं बघत होती. तुमच्यासारखीच आहे ती, बोलत नाही, बघते.

"काकू," ती म्हणाली, "हे एका दिवसात येत नाही."

मी म्हटलं, "नाही येत."

"त्या वर्षी येत होतं तुम्हाला?"

आता घट्ट होत आलं होतं, मी हँडल थांबवू शकत नव्हते. थांबलं की दूध डब्याला धरतं, खडे होतात. फिरवत फिरवतच म्हटलं, "हो."

"मग खारट कसं झालं?"

"मी केलं," मी म्हटलं. "मुद्दाम. मला इथं राहायचं नव्हतं."

 मला वाटलं आता उतरेल आणि निघून जाईल, पॉट लवंडेल. ती उतरली नाही. हँडल माझ्या हाताला दगडासारखं जड होईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "नरडाण्याची आजी माझ्या नावानं हाका मारायची म्हणे. फ्रॉक घालून आली का, विचारायची." तिचा आवाज अगदी साधा होता. खाली उतरली, झाकण तीनदा पुसलं, पंखा बाहेर काढला आणि माझ्याकडे न देता ताटात ठेवला. गोडीशेव स्वतः कालवली. अक्का, तुमच्याइतकं झालं होतं. मी चाखलं नाही, पण मला माहीत आहे.

बारा वाजता घागर पुजली. तुमच्यापुढे वाटी ठेवली. नंतर नणंदांनी खाल्लं, पोरांनी खाल्लं, भाऊजींनी एक घास घेतला आणि वाटी ठेवून अंगणात गेले, पण थुंकायला नाही, ते रडत होते. सुधाकर आला, त्यानंही दोन वाट्या खाल्ल्या. मी त्याला म्हटलं, यंदा नाही येत मी. त्याला काही कळेना. "आई काय म्हणेल?" म्हणाला. मी म्हटलं, सांग तिला, घरात माणसं आहेत. पिशवी आत ठेवून आले आणि पोरांच्या उष्ट्या वाट्या गोळा केल्या.

तेवढ्यात निंबाभाऊ आले. दर वर्षीसारखेच, अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी, या वेळी बहिणीच्या घागरीसाठी. पाणी प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. लता आतून आली ती साडी बदलून, बॅग घेऊन. जिजींना म्हणाली, "मी मामाबरोबर जाते."

"अवं, तुनं माहेर आठे शे, ये घरमा," जिजी म्हणाल्या. "पयली आखाजी शे तुनी. लोक काय म्हणतीन?"

"आईची राहिली होती, जिजी. ती मी करते."

 निंबाभाऊ उठून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हुंदके द्यायला लागला. मामा-भाची अडीचच्या गाडीनं गेली, अक्का. एव्हाना पारोळा सोडलं असेल. संध्याकाळी तुमच्या माहेरच्या दारात तुमच्या पोटची पोर उभी असेल.

निघताना ती जिजींच्या पाया पडली, दोन्ही आत्यांच्या पडली, वडिलांच्या पडली. मी दाराशीच उभी होते. माझ्यापुढून गेली, थांबली नाही, माझ्या पाया पडली नाही.

बरं केलं पोरीनं.

शोभा